दूरच्या संग्रहांतून फाइली आपोआप आणणे: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

कामाची व्याप्ती आज ठरली. तीन संग्रहांमधून हवामान-निरीक्षणांच्या फाइली रोज आपल्या युनिक्स सर्व्हरवर यायला हव्यात. पहिला संग्रह जुन्या वळणाचा, एफटीपीवर (फाइली देण्याघेण्याचा जुना प्रोटोकॉल, म्हणजे संवादाचे नियम). दुसरा एचटीटीपीएसवर (वेबसाइटांचा प्रोटोकॉल), साध्या डिरेक्टरी-यादीसारखा. तिसरा आरसिंक देतो (दोन ठिकाणच्या फाइली जुळवून ठेवणारं साधन). फाइली बहुतेक जीझिप केलेल्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या.

या फाइली वापरणारे संशोधक आहेत. त्यांची गणितं सकाळी आपोआप सुरू होतात आणि फोल्डरमध्ये जे असेल ते वाचतात. त्यामुळे फाइल उशिरा आली तर चालेल, अर्धवट आलेली मात्र अजिबात चालणार नाही. उशीर लगेच डोळ्यांत भरतो. अर्धवट फाइलवरून निघालेली सरासरी चुकली आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात येईलच असं नाही, आणि तो आकडा पुढे कुठे कुठे गेला याचा माग काढणं फार अवघड असतं. म्हणून कसोटी एकच धरली आहे: पक्क्या फोल्डरमध्ये नाव दिसलं म्हणजे फाइल पूर्ण आहे आणि तपासलेली आहे. वेग आणि सोय हे विषय त्यानंतरचे.

५ फेब्रुवारी

सध्या चालू असलेली स्क्रिप्ट नीट वाचून काढली. एफटीपी क्लायंटला (फाइली मागणाऱ्या प्रोग्रामला) हिअर-डॉक्युमेंटमधून, म्हणजे स्क्रिप्टमध्येच लिहून ठेवलेल्या मजकुरातून, आज्ञा भरवायच्या, ही जुनी रीत: लॉगिन, सीडी (फोल्डर बदल), प्रॉम्प्ट बंद, एमगेट (अनेक फाइली आण), बाय. या स्क्रिप्टने बरीच वर्षं काम ओढलं आहे, हे मान्य करायलाच हवं. पण अडचण मुळातच आहे. हा क्लायंट समोर बसलेल्या माणसासाठी लिहिलेला आहे. ‘अशी फाइल नाही’ हे तो पडद्यावर दाखवतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. शेवटी बाय म्हटलं की बऱ्याच क्लायंटचा एक्झिट कोड (संपताना प्रोग्राम देतो तो आकडा, शून्य म्हणजे यश) शून्यच येतो. शेलच्या (आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) दृष्टीने सगळं आलबेल.

याची खंत वाटते, कारण प्रोटोकॉलमध्ये यंत्राला कळेल अशी भाषा फार आधीपासून आहे. अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये आरएफसी ११४ (नेटवर्कचे नियम मांडणाऱ्या क्रमांकित दस्तऐवजांपैकी एक) म्हणून मांडला. आज वापरात आहे ती व्याख्या आरएफसी ९५९ ची, ऑक्टोबर १९८५ ची. सर्व्हरच्या प्रत्येक उत्तराआधी तीन आकडी कोड असतो: २ ने सुरू झाला तर काम झालं, ४ ने सुरू झाला तर अपयश तात्पुरतं आहे, पुन्हा विचारा, आणि ५ ने सुरू झाला तर तीच विनंती पुन्हा करण्यात अर्थ नाही. पुन्हा प्रयत्न करायचा की थांबायचं, याचं उत्तर त्या पहिल्या आकड्यातच आहे. हिअर-डॉक्युमेंटच्या वाटेने ते स्क्रिप्टपर्यंत पोहोचतच नाही.

दुसरी गोष्ट बायनरी मोडची, म्हणजे फाइल जशीच्या तशी पाठवण्याची. आरएफसी ९५९ नुसार काही सांगितलं नाही तर ट्रान्सफर आस्की, म्हणजे साध्या मजकुराच्या, प्रकारचा धरायचा. आस्कीमध्ये ओळींच्या शेवटांचं रूपांतर होतं. मजकुराला ते चालतं, जीझिपची मात्र वाट लागते. आजचे बरेच क्लायंट स्वतःहून बायनरी मागतात, पण त्यावर विसंबून राहणार नाही. हा त्रास एके काळी किती सार्वत्रिक होता ते पीएनजी चित्रांच्या फाइलींत अजून दिसतं: पहिल्या आठ बाइटांत कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड ही ओळ संपवणारी चिन्हं मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे वाटेत कुणी ओळींचे शेवट बदलले तर सुरुवातीलाच फाइल मोडलेली कळते.

निर्णय: एफटीपीसाठी एलएफटीपी हा क्लायंट. त्यात मिरर (पूर्ण फोल्डरची प्रत आणणारी) ही आज्ञा आहे, फक्त नव्या फाइली आणायची सोय आहे, आणि ‘सीएमडी फेल-एक्झिट’ चालू केलं की पहिल्या अपयशाला तो थांबतो आणि एक्झिट कोडही खरा देतो.

६ फेब्रुवारी

एफटीपीचं कनेक्शन लॉगिनपर्यंत व्यवस्थित, यादी मागितली की अडकतं. ॲक्टिव्ह मोड. त्यात डेटासाठीचं दुसरं कनेक्शन सर्व्हर आपल्याकडे उघडतो, आणि आपली फायरवॉल ते आत येऊ देत नाही, जे योग्यच आहे. पॅसिव्ह केलं, म्हणजे दुसरं कनेक्शनही आपणच उघडायचं, आणि सुरळीत झालं.

१० फेब्रुवारी

आज एचटीटीपीएसच्या संग्रहाकडे वळलो. जुन्या साठ्यात एक जीझिप फाइल उघडत नव्हती. आकार काहीशे बाइट, शेजारच्या सगळ्या मेगाबाइटांत. जीझिपची फाइल नेहमी १एफ आणि ८बी या दोन बाइटांनी सुरू होते. हिच्यावर हेड (फाइलची सुरुवात दाखवणारी आज्ञा) चालवलं तर पहिलंच चिन्ह कोनी कंस, पुढे डॉकटाइप एचटीएमएल, आणि खाली ‘सेवा थोड्या वेळात पूर्ववत होईल’ अशा अर्थाचं एक वाक्य. सर्व्हरने त्या रात्री ५०३ (सेवा सध्या उपलब्ध नाही) दिला होता, आणि कर्ल या फाइली आणणाऱ्या साधनाने ते चुकीचं पान निमूटपणे डेटाच्या नावाने जतन केलं होतं. कर्लचं वर्तन तसंच ठरलेलं आहे: त्याच्या लेखी सर्व्हरकडून उत्तर आलं, म्हणजे देवाणघेवाण पार पडली. ४०४ असो वा ५०३, एक्झिट कोड शून्य.

म्हणून ‘फेल’ हा पर्याय कायम लावायचा. तो असला की ४०० आणि त्यावरच्या उत्तरांना कर्ल २२ हा कोड देऊन बाहेर पडतो. डब्ल्यूगेट (तसंच दुसरं साधन) या बाबतीत आधीपासूनच बोलका आहे: नेटवर्कची अडचण असेल तर ४, लॉगिन चुकलं तर ६, सर्व्हरने चूक कळवली तर ८. हे आकडे लॉगमध्ये शब्दांसकट लिहायचे, म्हणजे पहाटे लॉग वाचणाऱ्याला मॅन्युअल उघडावं लागणार नाही.

पण एवढ्याने भागत नाही. काही सर्व्हर देखभालीचं पान २०० या यशाच्या कोडसकट देतात. तिथे ‘फेल’ काय करणार? त्यामुळे फाइल आल्यावर तिच्या पोटात शिरून पाहायचंच. जीझिपची चाचणी त्यासाठी स्वस्त आणि चोख आहे. फाइलच्या शेवटच्या आठ बाइटांत मूळ मजकुराचा सीआरसी (त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा) आणि लांबी असते, म्हणून शेपूट तुटलेली फाइल त्या चाचणीतून सुटत नाही.

आणि तरीही एक भोक राहतं. कालचीच फाइल आजच्या नावाने आली तर जीझिपची चाचणी खुशाल पास होईल. ते भोक बुजवायला संग्रहाने दिलेली चेकसमची (प्रत्येक फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यांची) यादीच लागते. दोन संग्रह ती देतात. एफटीपीवाला देत नाही. तिथे आकार ताडून पाहणं आणि फाइलीतली पहिली तारीख वाचणं, एवढंच हातात आहे. ते करतोय.

१२ फेब्रुवारी

फाइल थेट पक्क्या फोल्डरमध्ये उतरवायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आज तसं बांधलं. आधी ‘येणारी’ हे फोल्डर, तिथे सगळ्या तपासण्या, मग रिनेम (नाव बदलून पक्क्या फोल्डरमध्ये हलवणं). एकाच फाइल-सिस्टीमवर (डिस्कच्या एकाच विभागावर) रिनेम अखंड असतो: वाचणाऱ्याला एक तर जुनी अवस्था दिसते नाहीतर नवी, मधली कधीच नाही. पण ‘येणारी’ फोल्डर टेम्प या तात्पुरत्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि टेम्प वेगळ्या फाइल-सिस्टीमवर असलं, तर तीच एमव्ही (हलवण्याची) आज्ञा आतून कॉपी करते आणि मग मूळ प्रत पुसते. त्या कॉपीच्या वेळात फोल्डर वाचणाऱ्याला अर्धी फाइल मिळते. आज्ञा तीच दिसते, हमी मात्र गेलेली असते. म्हणून ‘येणारी’ आणि ‘पक्की’ दोन्ही शेजारी शेजारी, एकाच डिस्कवर, आणि स्क्रिप्ट सुरू होतानाच दोन्हींचा डिव्हाइस क्रमांक स्टॅट या आज्ञेने ताडून पाहते. जुळला नाही तर पुढे जात नाही.

आरसिंक हे स्वतःच करतं: टिंबाने सुरू होणाऱ्या तात्पुरत्या नावाने फाइल लिहायची आणि पूर्ण झाली की खरं नाव द्यायचं. १९९६ पासूनचं हे साधन आहे, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचं. त्यातली अशी काळजी पाहिली की आदर वाटतो.

१७ फेब्रुवारी

तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करणे. मोठ्या फाइलींना हे हवंच, कारण शेवटच्या टप्प्यात कनेक्शन गेलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून सगळं ओढणं आपल्यालाही जड आणि संग्रहालाही. एचटीटीपीमध्ये रेंज (फाइलचा ठरावीक तुकडा) मागायची, सर्व्हर २०६ देतो आणि उरलेला तुकडा पाठवतो. डब्ल्यूगेटचा ‘कंटिन्यू’ नेमकं हेच करतो.

धोका असा की, दोन प्रयत्नांच्या मध्ये संग्रहाने फाइल बदलली तर? समजा सुधारित आवृत्ती आली आणि ती थोडी मोठी आहे. ‘कंटिन्यू’ फक्त लांबी पाहतो. जुन्या फाइलचं डोकं आणि नव्या फाइलचं धड जोडलं जातं, लांबी अगदी बरोबर येते आणि आतला मजकूर निरर्थक असतो. डब्ल्यूगेटच्या मॅन्युअलमध्ये याची स्पष्ट सूचना आहे. एचटीटीपीमध्ये यावर इफ-रेंज हे हेडर (विनंतीसोबत जाणारी सूचना) आहे: माझ्याकडे आहे ती ईटॅग (आवृत्तीची खूण) असलेलीच आवृत्ती अजून असेल तर तुकडा दे, नाहीतर सगळी फाइल दे. ईटॅग अर्धवट फाइलच्या शेजारी छोट्या फाइलीत लिहून ठेवतो आणि पुढच्या खेपेला पाठवतो. चेकसम जुळला नाही तर अर्धवट प्रत पुसून एकदा पहिल्यापासून आणायची. तेव्हाही जुळला नाही तर फाइल ‘संशयित’ फोल्डरमध्ये आणि मला मेल. त्यापलीकडे आपोआप काही करायचं नाही.

१९ फेब्रुवारी

सगळ्यात जास्त विचार या मुद्द्यावर गेला. आपल्याकडून ट्रान्सफर पूर्ण झाला, बाइट सगळे आले, तरी फाइल अपुरी असू शकते, कारण त्या वेळी संग्रहाचेच लोक ती तिकडे चढवत असतात. सर्व्हर आहे तेवढी लांबी सांगतो, आपण तेवढी घेतो, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

आरसिंकवाल्या संग्रहाच्या व्यवस्थापकांना लिहिलं: ‘नमस्कार, आपल्या संग्रहातल्या फाइली आम्ही रोज एकदा घेतो. चेकसमची यादी डेटाच्या आधी चढते की नंतर, हे कळलं तर आमची वेळ त्याप्रमाणे ठरवू.’ त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं: ‘यादी नेहमी सगळ्यात शेवटी चढते. यादीत नाव नसेल तर ती फाइल तयार नाही असं समजावं. विचारलंत हे बरं केलंत.’ हा क्रम त्यांनी कुठे छापलेला नाही, पण पाळतात कसोशीने. एका पत्राने जेवढा उलगडा झाला तेवढा लॉग चाळून झाला नसता.

यावरून आपला क्रम ठरला: आधी यादी आणायची, तिच्यातल्याच फाइली आणायच्या, शेवटी यादी पुन्हा आणून पहिलीशी ताडायची. मधल्या वेळात बदलली असेल तर नवीन नावांसाठी आणखी एक फेरी. डेबियन या लिनक्स प्रणालीचे मिरर (तिच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) याच विचाराने दोन टप्प्यांत चालतात. आधी पॅकेजच्या फाइली येतात, मग अनुक्रमणिका, म्हणजे अनुक्रमणिकेत नाव आहे आणि फाइल नाही अशी वेळ वापरणाऱ्यावर येत नाही. आपणही पुढे संशोधकांना यादी देताना हाच क्रम पाळणार आहोत.

एफटीपीच्या संग्रहात यादी नाही, म्हणून आकार दोनदा विचारायचा, मध्ये काही मिनिटं जाऊ द्यायची. वाढत असेल तर पुढच्या फेरीला. फाइल शेवटची कधी बदलली ती वेळ विचारायला एमडीटीएम ही एफटीपीची आज्ञा वापरतो. ते उत्तर यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) देतं, हे आरएफसी ३६५९ मध्ये बांधलेलं आहे. लिस्ट या आज्ञेच्या छापील यादीवरून तारीख काढायचा मोह टाळला. तिचं स्वरूप प्रमाणित नाही, आणि युनिक्स पद्धतीच्या यादीत जुन्या फाइलींना वेळ नसते, नव्यांना वर्ष नसतं.

२४ फेब्रुवारी

शिस्त. संग्रह चालवणारे लोक बहुधा थोडे असतात आणि सर्व्हर सगळ्यांचा असतो. फुकट मिळतं म्हणून ओरबाडायचं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून हे नियम सेटिंगच्या फाइलीत न ठेवता स्क्रिप्टमध्येच पक्के केले.

एका संग्रहाला एका वेळी एकच कनेक्शन. एक्सआर्ग्ज या आज्ञेने समांतर डाउनलोड करणं चुटकीसरशी जमतं, आपल्याला घाई मात्र नाही. दोन फाइलींच्या मध्ये डब्ल्यूगेटचा वेट, सोबत रँडम-वेट, ज्याने थांबण्याचा वेळ ठरवलेल्याच्या अर्ध्यापासून दीडपटीपर्यंत बदलत राहतो. वेगावर मर्यादा. यूजर-एजंटमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या आपल्या ओळखीत) आपल्या गटाचा मेल पत्ता, म्हणजे काही त्रास झाला तर ते आपल्याला ब्लॉक करण्याआधी लिहू शकतील. निनावी एफटीपीमध्ये पासवर्डच्या जागी आपला मेल पत्ता द्यायची जुनी रीत आहे, तिच्यामागचा विचार हाच.

जे बदललं नाही ते पुन्हा मागायचं नाही. इफ-मॉडिफाइड-सिन्स (‘या वेळेनंतर बदललं असेल तरच दे’) पाठवलं की सर्व्हर ३०४ देतो आणि मजकूर पाठवत नाही. डब्ल्यूगेटमध्ये टाइमस्टॅम्पिंग आणि कर्लमध्ये टाइम-कंडिशन ते सांभाळतात. एक लक्षात ठेवायचं: डब्ल्यूगेटला आउटपुटचं नाव वेगळं दिलं की टाइमस्टॅम्पिंग निकामी होतं. म्हणून नाव संग्रहातलंच ठेवतो आणि बदल करायचा तो रिनेमच्या टप्प्यात.

पुन्हा प्रयत्न करताना अंतर वाढवत न्यायचं. कर्लचा रीट्राय आधी एक सेकंद थांबतो, मग दर वेळी दुप्पट, दहा मिनिटांपर्यंत. सर्व्हरने रीट्राय-आफ्टर (‘इतक्या वेळाने पुन्हा या’) पाठवलं असेल तर नव्या आवृत्त्या तेवढ्या थांबतात. ४०४ ला पुन्हा प्रयत्न नाही. ४२९ (फार विनंत्या झाल्या) आला तर त्या दिवसापुरतं त्या संग्रहाकडे जायचं नाही.

आणि वेळ: ठोक्याला, ठरावीक तासाच्या शून्य मिनिटाला जगभरच्या स्क्रिप्टा जाग्या होतात. आपली आडवेळी ठेवली, वर थोडा यादृच्छिक विलंब.

२७ फेब्रुवारी

टर्मिनलवर सुरळीत, क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेत) बंद. क्रॉन लॉगिन शेलची प्रोफाइल वाचत नाही, पाथ (आज्ञा जिथे शोधायच्या त्या फोल्डरांची यादी) अगदी तुटपुंजा असतो, म्हणून एलएफटीपी सापडत नव्हतं. पाथ आणि लोकॅल (भाषेची सेटिंग) स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहून टाकले. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्केवारीचं चिन्ह आलं की क्रॉन ते नवी ओळ समजतो, त्यामुळे तारखेचा फॉरमॅट तिथे लिहायचा नाही. क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग.

आधीची फेरी लांबली आणि दुसरी सुरू झाली तर दोघी एकाच अर्धवट फाइलीत लिहितील. यासाठी फ्लॉक (फाइलीवर कुलूप लावणारी आज्ञा), न थांबता. कुलूप मिळालं नाही तर लॉगमध्ये एक ओळ आणि शांतपणे बाहेर. पीआयडीची (चालू प्रोग्रामच्या क्रमांकाची) फाइल ठेवण्यापेक्षा हे भरवशाचं: स्क्रिप्ट अचानक बंद पडली तरी कुलूप कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सोडवतो, मागे शिळी फाइल उरत नाही.

४ मार्च

आरसिंक आणि डिलीट. संग्रहात नसलेलं आपल्याकडूनही काढायचं, ही मागणी वाजवी आहे. काही फाइली ते मागे घेतात. पण तिकडची डिस्क माउंट झाली (जोडली गेली) नाही आणि मूळ डिरेक्टरी रिकामी दिसली, तर आरसिंकच्या लेखी सगळंच काढून टाकलेलं असतं. वाचताना चूक झाली तर आरसिंक स्वतःहून पुसणं थांबवतं. रिकामी डिरेक्टरी मात्र चूक नसते.

तीन बंधनं घातली. मॅक्स-डिलीटची छोटी मर्यादा. ती ओलांडली की २५ हा कोड येतो आणि मला मेल. पुसण्याऐवजी बॅकअप-डिरेक्टरीत हलवणं. आणि फेरीआधी संग्रहाच्या मुळाशी असलेली यादीची फाइल जागेवर आहे का हे पाहणं. चाचणीसाठी आपल्याच सर्व्हरवर रिकामी डिरेक्टरी मूळ म्हणून दिली. मर्यादेइतक्या फाइली हलल्या, बाकीच्या जागच्या जागी राहिल्या, २५ आला, मेल आला. हलवलेल्या परत आणल्या.

६ मार्च

पासवर्ड आज्ञेच्या ओळीतून काढले. तिथे ते पीएसमध्ये (चालू प्रोग्रामांच्या यादीत) सर्व्हरवरच्या कुणालाही दिसू शकतात. नेटआरसी या लॉगिनच्या फाइलीत ठेवले, परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी). एफटीपीवर ते तरीही उघड्यानेच जातात, म्हणून त्या खात्याला दुसरा कोणताही अधिकार नाही.

११ मार्च

देखरेख. चूक झाली की मेल येतो, पण क्रॉनच थांबला तर चूकही होत नाही आणि मेलही येत नाही. म्हणून दुसऱ्या यंत्रावर एक अगदी लहान तपासणी ठेवली. ती पक्क्या फोल्डरमधली सर्वांत नवी फाइल किती जुनी आहे एवढंच विचारते. प्रत्येक संग्रहाला वेगळी मुदत, कारण त्यांची लय वेगळी. यशाचा मेल मुद्दाम पाठवत नाही. रोज येणारा मेल लोक वाचेनासे होतात, आणि तो एक दिवस आला नाही हे कुणालाच जाणवत नाही.

लॉगमध्ये प्रत्येक फाइलसाठी एक ओळ: वेळ यूटीसीमध्ये, संग्रह, नाव, बाइट, चेकसम, निकाल. संशोधकांपैकी एकीने लगेच विचारलं, ‘अमुक दिवशीची फाइल तुम्ही नंतर बदललीत का?’ ग्रेप या शोधण्याच्या आज्ञेने उत्तर मिळालं: संग्रहाने सुधारित आवृत्ती दिली होती, दोन्ही चेकसम आणि दोन्ही वेळा लॉगमध्ये होत्या. त्यांनी आपलं गणित नव्या आवृत्तीवर पुन्हा चालवलं. जुनी आवृत्ती हवी असेल तर ठेवायची का, हे त्यांच्याशी बोलून ठरवायचं आहे. माझं मत ठेवावी असं आहे.

१८ मार्च

एफटीपीच्या संग्रहाने कळवलं की सेवा एचटीटीपीएसवर हलवत आहेत. हे होणारच होतं. कर्नल-डॉट-ऑर्ग (लिनक्स कर्नलचं संकेतस्थळ) आणि डेबियन यांनी सार्वजनिक एफटीपी २०१७ मध्येच बंद केलं, फायरफॉक्स आणि क्रोमने २०२१ मध्ये आधार काढून घेतला. आणण्याचा भाग आणि तपासण्याचा भाग वेगळे ठेवले होते, त्याचा आज उपयोग झाला: सेटिंगमध्ये त्या संग्रहाचा प्रकार आणि पत्ता बदलला, तपासणीला हात लावावा लागला नाही. शिवाय नव्या पत्त्यावर चेकसमची यादीही देत आहेत, म्हणजे फेब्रुवारीपासून उघडं राहिलेलं ते भोक आता बुजेल.

दोन्ही पत्ते चालू आहेत तोवर दोन्हीकडून फाइली घेऊन चेकसम ताडतो आहे. संग्रहाला ते आधी कळवलं आहे. आतापर्यंत फरक फक्त वाचा-मला फाइलीत, आणि तो अपेक्षित, कारण तिच्यात पत्ताच लिहिलेला असतो. महिनाअखेरीस जुना पत्ता सेटिंगमधून काढायचा, एलएफटीपीची शाखा स्क्रिप्टमध्ये तशीच ठेवायची.